मंदावणारा दिवा

पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या नाटकावरून जॉर्ज क्युकर यांनी १९४४ साली काढलेला ‘गॅसलाइट’ आम्ही नुकताच पुन्हा पाहिला. पती स्वतःच वस्तू लपवतो आणि विसरभोळेपणाचा ठपका पत्नीवर ठेवतो. रात्री दिवा मंदावतो, तोही तिला भास वाटू लागतो. इन्ग्रिड बर्गमन यांनी हा ढळता विश्वास नुसत्या नजरेतून उभा केला आहे. दिवा मंदावल्याचे एका परक्या माणसालाही दिसते, तेव्हा कुठे ती सावरते. चित्रपटाचे मर्म आम्हांला येथे दिसते.

मात्र पतीला खुनी ठरवून कथेने आपली वाट सोपी केली आहे. आपल्या धर्मग्रामातील असा पती खुनी नसतो; रविवारच्या मिस्सेत तो वाचनही करतो. मग पत्नीला ‘क्रूस समजून सोस’ हाच सल्ला मिळतो. वास्तविक पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’त, काही प्रसंगी विभक्त होणे नैतिकदृष्ट्याही आवश्यक ठरू शकते, असे म्हटले आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातही भावनिक छळ येतो. समुपदेशकाकडे तिने प्रथम एकटीनेच जावे. पती शेजारी बसला, तर ती बोलणार काय? चित्रपटातही तो परका माणूस येतो, तो पती घराबाहेर पडल्यावरच.