स्तोत्र १३६ : पालुपद कुणाचं?

बेळगावातल्या एका मराठी उपासनेत स्तोत्र १३६ आळीपाळीने गायलेलं ऐकलं. एक ओवी पाळकांची, पुढची मंडळीची. माझ्या मते इथेच चुकतं. या स्तोत्राच्या २६ ओव्या, आणि प्रत्येकीचा उत्तरार्ध एकच : देवाच्या दयेचं पालुपद. म्हणजे सांधा दोन ओव्यांमध्ये नाही, ओवीच्या पोटात आहे (इंजिनीअरची खोड, सांधे आधी दिसतात!). पूर्वार्ध एकाने गावा, पालुपद सगळ्यांनी उचलावं. कीर्तनातलं ध्रुपद आपण असंच उचलतो की! रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) कीर्तन-भजन ख्रिस्ती उपासनेत आणलंच होतं. त्या दिवशी मंडळीच्या वाट्याला १३ अख्ख्या ओव्या आल्या. शेजारच्या आजींकडे पुस्तक नव्हतं. त्या शेवटपर्यंत गप्प उभ्या होत्या.