मोराची मान पायऱ्यांनी वळते

पैठणीवरचा लेख उघडला की पुढचं मला पाठ असतं. सातवाहन, प्रतिष्ठान, अजिंठ्याचं कमळ, मग मोर म्हणजे सौंदर्य आणि पोपट म्हणजे प्रेम. जणू पदर हा शब्दकोशच. हाच मोर दगडात कोरला असता तरी यातलं एक वाक्य बदलावं लागलं नसतं. तो विणलेला आहे, याची या लेखांना खबरच नसते.

घरात जुनी पैठणी असेल तर पदराचा फोटो काढा आणि झूम करा. माझ्यासमोर आजीची आहे. बांगडी मोराची गोल मान गोल नाहीच. जुन्या व्हिडिओ गेममधल्या चित्रासारखी पायऱ्या-पायऱ्यांनी वळते. कारण इथे बाण्याचा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. हिरवा आपल्या हद्दीपर्यंत येतो, शेजारच्या जरीत अडकतो आणि मागे फिरतो. म्हणून मागे सुटे धागे लोंबत नाहीत आणि पदर दोन्हीकडून सारखा दिसतो. काश्मीरची कानी शाल याच तत्त्वावर विणतात. किलीममध्ये बऱ्याचदा हे अडकवणं नसतं, त्यामुळे उभ्या रेषेत फट राहते. म्हणून तिथले आकार तिरके पळतात.

हे कळलं की चित्ररचना वेगळी दिसू लागते. आडवी रेघ स्वस्त, उभी महाग, कारण उभ्या हद्दीवर रंग पुन्हा पुन्हा अडकवावे लागतात. मोराची ताठ मान ही पदरातली सगळ्यात कष्टाची जागा. आणि दोन मोरांमधली ती ‘रिकामी’ सोनेरी जागा? तीही फुकट नाही. प्रत्येक मोकळ्या तुकड्याला जरीची स्वतःची कांडी लागते. तिथे काही न काढणं हाही विणकराने हात चालवून घेतलेला निर्णय आहे. माधवराव पेशव्यांनी पत्रातून असावली दुपट्टे मागवले होते. असावली म्हणजे फुलांची वेल. आपण वेलीचं कौतुक करतो, तिच्याभोवतीच्या जरीचं कुणी करत नाही.

जॅकार्डवरच्या सेमी पैठणीला नाक मुरडायचं मला कारण दिसत नाही. चिंचवडच्या लग्नांत ती दिसते, परवडते, शोभते. पण तिची रचना ढिली असते. रंग मागच्या बाजूने पुढे जाऊ शकतो, एकदा बसवलेली नक्षी हवी तितक्या वेळा उमटते, त्यामुळे थांबायचं कुठे हे सांगणारं काही उरत नाही. मग मोरांची गर्दी होते.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दोन पार्ट तंतोतंत सारखे आहेत का, हे बघण्याचा पगार घेतो. आजीच्या पदरातले समोरासमोरचे दोन मोर माझ्या टेबलावर रिजेक्ट झाले असते. डाव्याची मान एक पायरी जास्त. ‘हाताच्या कामाचा गोडवा’ वगैरे म्हणून यावर पाघळू नये. विणकर सारखेच मोर काढायला बसला होता. बघण्यासारखं आहे ते त्याने पुढे काय केलं ते. डाव्या मोराचा तुरा त्याने एका पायरीने आखूड केला, आणि वरची कमळांची ओळ सरळ गेली.