दगडाला दोष देऊन काय साधलं?

किल्लारीबद्दल आपण सगळ्यांनी एक वाक्य ठरवून टाकलंय : दगडमातीच्या घरांनी माणसं मारली. आमच्या मते हे अर्धंच खरं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे माळवदाच्या घरांच्या भिंती ढासळल्या, पण बऱ्याच घरांत आतले लाकडी खांब-तुळया उभ्याच होत्या. मग मोडलं नेमकं काय? त्या दोन-तीन फुटी भिंती मुळात दोन पदरी. मधे माती आणि दगडाच्या कपच्या. हादरा बसला की पदर फुगतात, सुटे होतात. दोघांना बांधणारे, आरपार जाणारे लांब दगड हवे होते, तेच नव्हते. दारं-खिडक्यांवरून सगळ्या भिंतींना कवेत घेणारा पट्टाही नव्हता. भारतीय मानक १३८२८ हेच सांगतं, आणि ते त्याच वर्षीचं!

पुढे काय झालं? घर मजबूत करायला मिळालेल्या मदतीतून अनेकांनी शेजारी सिमेंटची नवी खोली बांधली. भीती समजते हो. पण जुनी भिंत तशीच राहिली. आणि २००१च्या भूकंपात अहमदाबादेत कोसळलेल्या, तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेल्या इमारती काँक्रीटच्याच होत्या की!