नेम काळजाचा, बाण पोटात

अमेरिकेत कारखानदारी झपाट्याने वाढली, त्या काळी तिथल्या वाचकाचे मन कशाने हलले, हे पाहायचे असेल तर अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' (१९०६) ही कादंबरी वाचावी.

लिथुआनियाहून शिकागोच्या कत्तलखान्यांत मजुरीला आलेल्या युर्गिसची ही कथा. पहिले प्रकरण त्याच्या लग्नाचे. पाहुण्यांनी नवरीबरोबर नाचावे, टोपीत आहेराचे पैसे टाकावे आणि त्यातून लग्नाचा खर्च निघावा, ही मायदेशाची रीत. नव्या शहरातली तरुण मंडळी मात्र पोटभर खातात अन् हळूच निसटतात. समाज कसा बदलतो, ते एवढ्या प्रसंगात दिसते. पुढे युर्गिसचे घर, बायको, मूल, सारेच जाते.

वाचकांनी हळहळायचे ते या माणसासाठी. पण ते हादरले सडक्या मांसाच्या वर्णनाने! ३० जून १९०६ रोजी मांसतपासणीचा आणि शुद्ध अन्न-औषधांचा असे दोन कायदे झाले. किमान वेतनाचा देशव्यापी कायदा व्हायला मात्र १९३८ साल उजाडले. नेम काळजाचा धरला, लागला पोटाला, अशी खंत खुद्द सिंक्लेअरनेच बोलून दाखवली.

पण दोष एकट्या वाचकाचा नव्हे. शेवटच्या प्रकरणांत लेखक युर्गिसला समाजवादावरील व्याख्यानांचा श्रोता करून टाकतो. माणूसच बाजूला सारला, तर वाचकाच्या ध्यानात मांसच राहणार! लग्नाच्या प्रकरणात भेटणारा लेखक शेवटपर्यंत टिकला असता, तर वाचकाने ताटातल्या घासाबरोबर तो तयार करणाऱ्या हातांकडेही कदाचित पाहिले असते.