‘शंकराभरणम्’ : विद्येचा वारस

के. विश्वनाथ यांचा ‘शंकराभरणम्’ (१९८०) हा तेलुगू चित्रपट मराठी रसिकांस परका वाटू नये. ज्या रागाचे नाव त्याने धारण केले आहे, त्याचे स्वर आपल्या बिलावलाचेच. शंकरशास्त्री शुद्ध संगीताचे कडवे अभिमानी. पण त्यांची विद्या पुढे नेतो तो कलावंतिणीच्या लेकीचा मुलगा. चित्रपटाच्या घडणीतही हेच दिसते. शास्त्रीबुवा साकारणारे जे. व्ही. सोमयाजुलू सरकारी अधिकारी. त्यांना गळा देणाऱ्या एस. पी. बालसुब्रह्मण्यम् यांस कर्नाटक संगीताची रीतसर तालीम नव्हती. तरीही के. व्ही. महादेवन यांच्या चाली त्यांनी अशा निष्ठेने गायिल्या, की त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पाश्चात्त्य संगीताची थट्टा मात्र मला उथळ वाटते. ज्या कृतीने अनधिकाऱ्यालाही साधनेचा अधिकार दिला, तिने परक्या सुरांशी इतके कृपण का व्हावे?