उल्लेखांची मोजदाद आणि म. म. मिराशी यांचें संशोधन

संशोधकाचे लेख इतरांनीं किती वेळां उद्धृत केले याची मोजदाद करून त्याची योग्यता ठरविण्याची रीति अलीकडे विद्यापीठांतून रूढ झाली आहे. पुराभिलेखविद्येस ही कसोटी कितपत लागू पडते हें पाहण्यास महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५) यांच्या कार्यासारखें दुसरें उदाहरण विदर्भांत मिळणें कठीण. कलचुरि, वाकाटक व शिलाहार या राजवंशांचे कोरीव लेख त्यांनीं भारतीय पुराभिलेखमालेच्या चौथ्या (१९५५), पांचव्या (१९६३) व सहाव्या (१९७७) खंडांत संपादिले. या विषयांवर लिहिणाऱ्या कोणासहि त्या खंडांवांचून पुढें जातां येत नाहीं. तेव्हां उल्लेखांची उणीव येथें नाहींच. उल्लेख कशाचे होतात व कशाचे राहून जातात, हा खरा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट भाषेची. मिराशींचा ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ हा मराठी ग्रंथ १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. इंग्रजी खंड त्यानंतर सहा वर्षांनीं निघाला. शिलाहारांविषयींचा मराठी ग्रंथ १९७४ चा, इंग्रजी खंड १९७७ चा. म्हणजे मराठी वाचकास जें अगोदर मिळालें, तें मोजणाराच्या यादींत मागाहूनच्या इंग्रजी ग्रंथाच्या नांवावर जमा होतें. ‘संशोधन-मुक्तावलि’च्या सरांतील लेखांची तर अशा याद्यांना वार्ताच नसते.

दुसरी गोष्ट प्राथम्याची. वाशीम येथें १९३९ सालीं उजेडांत आलेल्या विंध्यशक्ति दुसरा याच्या ताम्रपटानें वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची वंशावळी उलगडली. हें दानपत्र राजाच्या ३७ व्या राज्यवर्षांतील असून त्याची भाषा कांहीं संस्कृत, कांहीं प्राकृत अशी आहे. तें प्रथम वाचून त्याच वर्षीं इतिहास परिषदेपुढें मांडण्याचें काम यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे व द. बा. महाजन यांनीं केलें. पुढें मिराशींनीं त्याचें चिकित्सक संपादन केलें. त्यांतील सर्वसेन हें नांव हातीं येतांच अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील वराहदेवाच्या लेखाकडे ते पुन्हां वळले, व ब्यूलरच्या वाचनांत जो राजा हरवला होता त्यास त्यांनीं वंशांतील त्याचें स्थान परत दिलें. हें काम अव्वल दर्जाचें होय, यांत शंका नाहीं. परंतु आज जो तो मिराशींच्या पाठाचा निर्देश करतो आणि देशपांडे-महाजनांचें नांव क्वचितच घेतो. मिराशींची योग्यता यानें रतीभरहि वाढत नाहीं. ज्यांनीं दार उघडलें ते मात्र बाहेरच राहतात.

तिसरी गोष्ट अनुमानांची. येथें आम्हांस मिराशींशीं व त्यांच्या अनुयायांशीं स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचें पवनार, हें त्यांचें मत नामसादृश्य व इतर अप्रत्यक्ष पुरावा यांवर उभें होतें. अनेक वर्षें तें सिद्धान्त म्हणून उद्धृत होत राहिलें. रामटेकजवळ मनसर येथें १९९७-९८ पासून झालेल्या उत्खननांत वाकाटककालीन मोठें मंदिर व इतर वास्तु उघडकीस आल्यावर प्रवरपूर तेथेंच असावें, असें मत बळावलें. तसेंच दण्डीच्या दशकुमारचरितांतील विश्रुताच्या कथेंत वाकाटकांच्या ऱ्हासाचें प्रतिबिंब आहे, ही मिराशींची कल्पना घेऊन अमेरिकन पंडित वॉल्टर स्पिंक यांनीं अजिंठ्याच्या कालक्रमाची इमारत रचली. कल्पना सुंदर आहे. पण कथेच्या साक्षीस शिलालेखाच्या साक्षीचें वजन देतां येत नाहीं. एक अनुमान शंभर ग्रंथांत उतरलें म्हणून त्याचीं शंभर प्रमाणें होत नाहींत.

असें असूनहि मिराशींचे खंड शिळे होत नाहींत, याचें कारण त्यांच्या पद्धतींत आहे. मूळ पाठ, संभाव्य पाठभेद, भाषान्तर आणि ठशांचीं छायाचित्रें हीं सर्व ते वाचकापुढें ठेवतात. त्यामुळें त्यांचें मत खोडूं पाहणारासहि साधन त्यांच्याच ग्रंथांतून घ्यावें लागतें. विरोधकासहि उपयोगी पडणें, ही आमच्या मतें संशोधनाची खरी कसोटी. आणि ती कोणत्याहि आंकड्यांत उतरत नाहीं.

आमच्या बहुतेक वाचकांच्या संग्रहीं पोथ्या, नाणीं वा कागद आहेत, म्हणून एक सूचना. १९३९ सालींच मंगरूळपीर तालुक्यांतील तऱ्हाळे येथें सातवाहनांच्या नाण्यांचा सुमारें दीड हजारांचा सांठा सांपडला. मिराशींनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि पुराणांच्या याद्यांत न आढळणारीं राजनांवें पुढें आलीं. ज्याचें स्थळ व वर्ष नोंदलें गेलें तें नाणें इतिहास सांगतें; बाजारांत विकलेलें मुकें राहतें. वाशीमच्या बाजूनें येऊन आर्णीवरून जाणाऱ्या अरुणावतीच्या खोऱ्यांत कोणास कांहीं गवसलें, तर गांव, शेत, दिवस आणि सांपडविणाराचें नांव आधीं टिपून ठेवावें. पुढचा पंडित त्याचा उल्लेख करो वा न करो. ती नोंदच नसेल, तर उल्लेख करावयास कांहीं उरणारहि नाहीं.