‘राग दरबारी’तील निवडणूक : प्रचाराचा सूर आणि त्यामागचे मौन

स्थानिक निवडणुकांचा अभ्यास करताना प्रचाराचे सकारात्मक आणि नकारात्मक असे दोन भाग केले जातात. स्वतःचे काम व आश्वासने सांगणारा प्रचार सकारात्मक, प्रतिस्पर्ध्याच्या उणिवा दाखवणारा नकारात्मक. पहिला चांगला आणि दुसरा वाईट, एवढे लिहून उत्तरपत्रिकेत आपण मोकळे होतो. ही विभागणी कुठे अपुरी पडते ते पाहण्यासाठी श्रीलाल शुक्ल यांची ‘राग दरबारी’ (१९६८) ही हिंदी कादंबरी वाचावी. शुक्ल उत्तर प्रदेशच्या प्रशासकीय सेवेत होते. खेड्यातील सत्ता कागदावर कशी चालते आणि कागदाबाहेर कशी, हे दोन्ही त्यांना ठाऊक होते.

शिवपालगंज या गावात ग्रामसभेच्या प्रधानाची निवडणूक येते. गावचे सूत्रधार वैद्यजी आपल्या बैठकीत भांग घोटणाऱ्या शनीचरला उभे करतात. निष्ठा हीच त्याची पात्रता. येथे लेखक कथानक थांबवून निवडणूक जिंकण्याच्या तीन पद्धती सांगतो. त्यांना तीन गावांची नावे आहेत : रामनगर, नेवादा आणि महिपालपूर. मांडणी पाठ्यपुस्तकासारखी गंभीर आणि मजकूर हसवणारा, त्यामुळे हा भाग गाजला. पण तो प्रचाराच्या सुरासंबंधी काय सांगतो, याकडे फारसे लक्ष जात नाही.

रामनगरात दोन्ही उमेदवार एकाच जातीचे आहेत, त्यामुळे मत देण्याचे नेहमीचे कारणच उरत नाही. मग माणसे किती, लाठ्या किती, भांडण झाले तर कोण गुंतेल आणि बाहेर कोण राहील, असा हिशेब सुरू होतो. नकारात्मक प्रचाराचे हे शेवटचे टोक. नेवादात याच्या उलट घडते. तेथे एक बाबा येतात. भजन-कीर्तन रंगते, गांजाची चिलीम फिरते, गाव भक्तीत न्हाऊन निघते आणि बाबांच्या शब्दाने निकाल लागतो. सुराचाच विचार केला तर यापेक्षा सकारात्मक प्रचार सापडणार नाही. कोणाची निंदा नाही, कोणावर आरोप नाही. महिपालपूरला तर सूरच नाही. निवडणूक अधिकाऱ्याचे घड्याळ पुढे असते, वेळेआधी आलेल्यांची मते पडतात आणि बाकीचे दारातच राहतात. शनीचर निवडून येतो तो याच पद्धतीने.

या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की व्यंगाचा खरा रोख कळतो. रामनगरची शिवी आणि नेवादाचे भजन एकच काम करतात : मावळत्या प्रधानाने काय केले आणि नवा काय करणार, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी कोणी विचारत नाही. नेवादा तर रामनगरपेक्षा धोकादायक वाटते, कारण लाठीला विरोध करता येतो, भजनाला विरोध करणारा गावाचा वैरी ठरतो.

निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेतील भेदही सकारात्मक-नकारात्मक असा नाही. प्रतिस्पर्ध्यावर टीका करायला तेथे पूर्ण मुभा आहे, मात्र ती धोरण, कार्यक्रम, पूर्वीचा इतिहास आणि काम यांपुरती हवी. खासगी आयुष्य आणि शहानिशा न केलेले आरोप यांना तिच्यात जागा नाही. म्हणजे ‘पाच वर्षांत नळाला पाणी आले नाही’ हे वाक्य नकारात्मक असूनही रास्त आहे. एखाद्याच्या घरातील भांडण चावडीवर आणणे रास्त नाही.

आज नेवादाचा वारसा कुठे दिसतो? गुजरातमध्ये २००१ पासून समरस योजनेखाली बिनविरोध निवडल्या गेलेल्या ग्रामपंचायतींना प्रोत्साहनपर अनुदान मिळते. गावात तंटा नको, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण एकमत कोणाच्या घरी ठरले आणि तेथे कोण बसले होते, हे बिनविरोध या शब्दातून कळत नाही. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा चक्क लिलाव झाला. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला तेथील निवडणुका रद्द कराव्या लागल्या. कटू प्रचार टळला, त्यासोबत प्रचारच टळला.

कादंबरीची मर्यादाही येथेच सांगायला हवी. शुक्लांचा मतदार फार निमूट आहे. कोणी काहीही करावे आणि त्याने खांदे उडवावेत, असे पानोपानी घडते. व्यंगाला ही अतिशयोक्ती लागते हे मान्य, पण तिच्यामुळे प्रश्न विचारणारा माणूस चित्रातून गळतो. स्त्रिया तर या राजकारणात जवळजवळ नाहीतच. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत किमान एकतृतीयांश जागा त्यांच्यासाठी राखल्या. तेव्हापासून प्रचारातील ‘खासगी’ टीकेचा मोठा वाटा महिला उमेदवारांच्या चारित्र्यावर, माहेर-सासरवर आणि ‘कारभार तर नवराच करणार’ या टोमण्यावर खर्च होतो. यातला शेवटचा टोमणा अवघड आहे : तो बाईचा अपमान असतो, आणि काही गावांत कारभाराबद्दलची खरी तक्रारही. असे वाक्य कोणत्या रकान्यात टाकायचे, याचे उत्तर शिवपालगंजात मिळत नाही. आपल्या गावातील किंवा प्रभागातील मागच्या निवडणुकीची पत्रके हाती लागली, तर त्यांत अशी वाक्ये शोधून पाहावीत.